चार दिवसांत चेहरा

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला दोन महिने देऊ केले. मी म्हटलं, आठ दिवस पुरे. ते म्हणाले, घाई नाही, सावकाश लिहा. सावकाश हा शब्द कुणी मला ऐकवला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे मी आठाचे सहा केले. ही गोष्ट जूनची. आता गणपती जाऊन आठवडा झाला आहे आणि संपादक हल्ली फोनवर आधी माझी तब्येत विचारतात.

विषय त्यांचाच. चित्रकाराला स्वतःचा वेग कसा सापडतो ते नव्या मुलांसाठी लिहा, म्हणाले. चाळीस वर्षं दिल्लीत तैलरंगात माणसांचे चेहरे रंगवणाऱ्या बाईला हे ठाऊक असणार, असा त्यांचा समज. माझाही तोच समज होता. लिहायला बसले तेव्हा कळलं की मला ते ठाऊक नाही. माझा वेग कोणता होता ते सांगता येईल. तो माझा होता का, हे सांगता येत नाही.

आधी धंदा समजावून सांगते. फोटोवरून पोर्ट्रेट करायचं म्हणजे फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर मोठे आखायचे आणि एकेका चौकोनातलं तिकडून इकडे आणायचं. यात जादू काही नाही. भिंग आणि सवय लागते. पहिल्या दिवशी रेखाटन आणि पातळ तपकिरी हात. दुसऱ्या दिवशी चेहरा. तिसऱ्या दिवशी कपडे. गिऱ्हाईक फौजी असेल तर पदकं आणि त्यांच्या फिती, कारण फितीचा एक रंग चुकला तर अख्खी पलटण पत्र लिहिते. चौथ्या दिवशी मागची भिंत आणि कडा. झालं.

खरी अडचण सुकण्याची. जवसाच्या तेलातला रंग आपल्या मर्जीने सुकतो. पातळ असेल तर आठवडा, जाड असेल तर महिनेसुद्धा. एक थर सुकल्याशिवाय दुसरा चढवू नये, असा नियम. मग चार दिवसांत चित्र कसं व्हायचं? त्यासाठी ड्रायर. एक जांभळट औषध मिळतं, त्याचे थेंब रंगात टाकले की रात्रीत वर साय धरते आणि सकाळी पुढचा हात मारता येतो. मला ते मुनिरकाच्या बाजारात साइनबोर्ड रंगवणाऱ्या रशीदभाईंनी शिकवलं. कुठल्याही कला महाविद्यालयाची पायरी मी चढलेली नाही. भुसावळहून लग्न होऊन आले, क्वार्टरच्या दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केली. सरकारी वसाहतीत बदल्या थांबत नाहीत, त्यामुळे पाट्याही थांबत नाहीत. रशीदभाई थेंब मोजून टाकायला सांगायचे. मी मोजायचे, पण मोठे थेंब मोजायचे.

चारच दिवस का, तेही सांगते. आम्ही आर. के. पुरमला राहत होतो. दोन खोल्या आणि मागे जाळीचा व्हरांडा. उजेड फक्त पुढच्या खोलीत. मुलं सव्वासातला शाळेच्या बसने जायची, हे साडेआठच्या चार्टर्ड बसने मंत्रालयात. त्यानंतर घोडा, म्हणजे कॅनव्हास उभा करायची लाकडी चौकट, मांडायचा. दीडला मुलं यायच्या आत घोडा, रंग, टर्पेंटाइनचा वास, सगळं गुंडाळायचं. आणि शुक्रवारी संध्याकाळपासून ती खोली माझी नव्हतीच. दिल्लीला काम असलेला, दिल्ली बघायची असलेला, नुसतीच दिल्लीतून गाडी बदलायची असलेला प्रत्येक नातेवाईक त्याच खोलीत गादी टाकून झोपायचा. म्हणजे सोमवार ते गुरुवार. चार दिवस. ओलं चित्र शुक्रवारी उरलं तर सोमवारी त्याच्यावर कुणाच्या तरी शर्टाची बाही उमटलेली असायची. एकदा उमटली होती.

यातून मी धंदा उभा केला. छावणीतल्या मेसमध्ये कमांडिंग ऑफिसरांची पोर्ट्रेटं लागतात, निवृत्त होणाऱ्या साहेबांना कार्यालयातर्फे भेट द्यायची असते. दुसरे चित्रकार तीन आठवडे मागायचे. मी पैशांत कधी एक पायरी उतरले नाही. घासाघीस करायची ती दिवसांत. समोरचा कॅप्टन म्हणायचा, मैडम, थोड़ा कम कीजिए. मी म्हणायचे, पैसे नाही, दिवस कमी करते, बोला, दहा? आठ? चार? चार म्हटलं की तो गप्प व्हायचा. आणि काम झालं की कॅनव्हासच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहायचे: चार दिवस. सही पुढून कुणी करू देत नसे, मेसमध्ये तर नाहीच. मागचा तो आकडा हीच माझी सही. पुढच्या गिऱ्हाइकाला चित्र उलटं करून दाखवायचे. लोक तोंडात बोट घालायचे आणि मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत.

आता माझ्या रागाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, आणि घरातल्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता कुणीतरी नवीन माणूस हवाच.

आमच्या सेक्टरमध्ये कडुनिंबाखाली एक इस्त्रीवाला बसायचा. त्याचं टेबल, कोळशाची इस्त्री, बाजूला साहेबलोकांच्या पांढऱ्या शर्टांची चळत. एका हिवाळ्यात कुणाची ऑर्डर नसताना मी ते रंगवलं. फोटो नाही, चौकोन नाहीत. तीन सकाळी. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं चित्र, जे कुणी मागितलेलं नव्हतं. ते मी एका मोठ्या वार्षिक प्रदर्शनाच्या निवडीला घेऊन गेले. निवडीला एक नावाजलेले चित्रकार होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तेवढीही प्रसिद्धी माझ्याकडून त्यांना नको. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने दिन लगे?" मी मान ताठ करून सांगितलं, "तीन."

ते म्हणाले, "दिखता है।"

एवढंच. चित्र परत. दोन बस बदलून ते मी घरी आणलं आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

वर्षभर ते दोन शब्द माझ्या डोक्यात इस्त्रीसारखे फिरत राहिले. पुढच्या वर्षी मी तेच चित्र बाहेर काढलं, एक रेघही न बदलता चांगली जाड फ्रेम चढवली, नाव बदललं आणि पुन्हा घेऊन गेले. तेच गृहस्थ. तोच प्रश्न. मी या वेळी मान खाली घालून, आवाज लहान करून सांगितलं, "ग्यारह महीने।" ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मागे गेले, पुढे आले. मग म्हणाले, "दिखता है।"

चित्र लागलं. प्रमाणपत्र मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. जिंकले तर मीच होते. पण घरी येऊन मी भांडी आपटत राहिले. आमचे हे सहसा मधे पडत नाहीत, त्या दिवशी पडले. म्हणाले, "त्यांनी ओळखलं असेल. इतका वेळ उभे राहिले ते त्यासाठीच."

मी म्हटलं, "ओळखलं असतं तर घेतलं कशाला असतं?"

"तेच तर," हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

या 'तेच तर'वर आमचं तीन दिवस भांडण चाललं. पंचवीस वर्षं होऊन गेली. त्या माणसाने मला ओळखलं होतं की तो साफ फसला होता, हे मला आजही कळलेलं नाही. आणि दोन्हीपैकी कशाचा जास्त राग यावा, तेही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली. मी घाई करते म्हणून मी कारागीर. वेळ मिळाला असता तर मी चित्रकार झाले असते. माझ्याकडून वेळ काढून घेतला गेला आहे. कोणी घेतला? सगळ्यांनी. मुलांनी, बसच्या वेळांनी, भुसावळच्या पाहुण्यांनी. हे गाऱ्हाणं मी फार सांभाळून ठेवलं. अडीअडचणीला उपयोगी पडायचं.

मग हे निवृत्त झाले. मुलं आपापल्या गावी गेली, आम्ही क्वार्टर सोडून इकडे गाझियाबादला वैशालीत फ्लॅट घेतला. मला एक आख्खी खोली मिळाली, उत्तरेच्या उजेडाची. सकाळी उठून कुणाचा डबा नाही, दीड वाजता कुणी येणार नाही. चित्रकाराला जे जे हवं ते सगळं. मी नवा घोडा आणला, मोठा कॅनव्हास ताणला आणि समोर स्टूल टाकून बसले.

आणि काही झालं नाही. एक दिवस नाही, चार दिवस नाही, दोन वर्षं. ब्रश उचलायचे आणि वाटायचं, आज नको, उद्या आहेच की. उद्याही पूर्ण दिवस असायचा. दीड वाजला की हात आपोआप ब्रश धुवायला लागायचे. कशासाठी, हे हातांना विचारून उपयोग नव्हता.

अशा अवस्थेत, गेल्या डिसेंबरात लता वहिनी आल्या.

लता वहिनी साताऱ्याजवळच्या कोरेगावच्या. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते. ट्रकच्या अपघातात गेले, त्याला वीस वर्षं होतील. त्या वेळी त्यांना दिल्ली छावणीतल्या शाळेत नोकरी लागली आणि त्या इथेच राहिल्या. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी माझ्याकडून नवऱ्याचं पोर्ट्रेट करून घेतलं होतं. पासपोर्टच्या आकाराच्या फोटोवरून. मी विसरून गेले होते. त्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी काखोटीला मारून, तीन ठिकाणी मेट्रो बदलून आल्या, शाल सोडली आणि चित्र दिवाणावर ठेवलं.

सुभेदारांच्या चेहऱ्याला तडे गेले होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत, उन्हाळ्यात तळ्याच्या बुडाला पडतात तसे. डोळ्याखाली एक खपली सुटून आतला तपकिरी थर दिसत होता.

मला कुणी सांगायची गरज नव्हती. ड्रायर. वरची साय रात्रीत सुकली, खालचा रंग ओलाच राहिला. पुढे वर्षानुवर्षं खालचा सुकत, आकसत गेला आणि वरचा फाटला. मी चित्र उलटं केलं. कोपऱ्यात माझं अक्षर: चार दिवस.

चाळीस वर्षांत मी किती चेहरे केले याची मोजदाद नाही. किती मेसच्या भिंतींवर किती साहेब असे तडकत असतील, ते त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. मला दरदरून घाम फुटला. आणि घाम फुटला की मला राग येतो, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले की उन्हात टांगलं होतं का, ओल्या फडक्याने पुसलं का. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुसलं नाही ताई. मी हातच लावला नाही कधी."

मी म्हटलं, नवीन करून देते. एक पैसा घेणार नाही. आठ दिवसांत.

"आठ दिवस नको," त्या म्हणाल्या. "सहा महिने घ्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझ्या सगळ्या धंद्यात गिऱ्हाइकाने दिवस वाढवून मागितल्याची ही पहिली वेळ. मी सवयीने भाव केला. "पंधरा."

"पाच महिने. त्याच्या खाली मी यायची नाही."

"महिना. चांगला सुकवून."

"ताई," त्या म्हणाल्या, "एप्रिलअखेर मी रिटायर होते. मेच्या शेवटी क्वार्टर सोडायचं, मग गावी, लेकाकडे. तोवर वेळ आहे. मी दर रविवारी येऊन बसते. मागल्या वेळी तुम्ही चार दिवसांत केलंत, मला काही बोलताच आलं नाही. हे फोटोतले आहेत. हे ते नव्हेत."

वीस वर्षांनी एखादी बाई येऊन तुमच्या कामाबद्दल असं म्हणते, तेव्हा काय वाटतं ते मी सांगत नाही. मी पाच महिन्यांना हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आतून बरंही वाटलं. मनात म्हटलं, आता बघू. आता वेळ आहे, उजेड आहे, खोली आहे. आता दाखवते त्या 'दिखता है'वाल्या गृहस्थांना.

लता वहिनी रविवारी दहाला यायच्या. हिवाळ्यात दिल्लीत मटार स्वस्त होतो, तेव्हा इथे घरोघरी बायका उन्हात बसून मटार सोलतात आणि वर्षाचा फ्रीजरमध्ये भरतात. त्या पाच किलोची पिशवी घेऊनच यायच्या, माझ्या घोड्याच्या डाव्या बाजूला चटई टाकून बसायच्या आणि सोलत सोलत बोलायच्या. शेंग मोडल्याचा आवाज, दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज. मधे एखादं वाक्य. "हसायच्या आधी ह्यांची नाकपुडी हलायची." पाच-सहा शेंगा. "डावा खांदा उतरता होता जरा. परेडला ओरडा खायचे." पुन्हा शेंगा.

मी ऐकायचे आणि रंगवायचे. ड्रायरची बाटली कपाटात वर ठेवली होती. पण नाकपुडी हलते ती रंगवायची कशी? मी आयुष्यभर चौकोनातलं चौकोनात आणलं होतं. फोटोत नसलेली गोष्ट मला दिसत नव्हती. जानेवारीत चेहरा झाला, त्या म्हणाल्या, नाही. मी रंग कालवायच्या सुरीने खरवडला. फेब्रुवारीत दुसरा केला, तोही खरवडला. तिसऱ्या चेहऱ्याला त्या म्हणाल्या, "हे त्यांच्या धाकट्या भावासारखे दिसतात." हळूहळू करायचं म्हणून मी एकेका डोळ्याला आठवडा घालवत होते. आणि जितका वेळ घालवावा तितका चेहरा मेणाचा होत चालला होता. मला सावकाशपणाचं इतकं अप्रूप होतं, आणि सावकाशपणा मला अजिबात येत नव्हता. की तो माझा नव्हताच? मटार संपला, पंखे सुरू झाले, आणि मी होते तिथेच.

एप्रिलमध्ये एका रविवारी त्या कानाबद्दल काहीतरी म्हणाल्या आणि माझा स्फोट झाला. मी म्हटलं, मला कान काढायला शिकवू नका. तुमचा नवरा मी कधी पाहिलेला नाही, मी काय करू? तुम्ही दर आठवड्याला एक नवीन माणूस सांगता. तुम्हालाच तो धड आठवत नाही.

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं. त्यांनी चटई गुंडाळून भिंतीशी ठेवली, चपला घातल्या आणि गेल्या. आमचे हे दारात उभे होते. मेट्रोपर्यंत त्यांना सोडायला गेले.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. मला वाटलं होतं, आता निवांत काम होईल. मी दहा वाजता घोड्यासमोर बसायचे आणि डाव्या बाजूची रिकामी फरशी बघायचे. तेव्हा कळलं की माझं वाक्य खरं होतं. आणि त्या येत होत्या त्या त्यासाठीच. त्यांना तो आठवेनासा झाला होता. भिंतीवरचा तडकलेला माणूस रोज बघून बघून खरा पुसला जात होता, आणि त्याला त्या एकेका शेंगेबरोबर परत शोधत होत्या. ते चित्र मी चार दिवसांत केलं होतं. मी फोन उचलला, ठेवला. माफी मागायचा मला सराव नाही.

तिसऱ्या रविवारी त्या आपणहून आल्या, काही झालंच नाही अशा. चटई टाकली. मटार नव्हता, म्हणून हात नुसते मांडीवर. म्हणाल्या, निजामुद्दीनहून बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर जुनंच नेते.

उगाच काहीतरी विचारायचं म्हणून, तो जुना पासपोर्ट फोटो हातात घेऊन मी म्हटलं, "हा कुठे काढला होता?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मी कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारला नव्हता. चार दिवसांत विचारायला वेळ कुठे होता?

त्या म्हणाल्या, "इथेच, सदर बाजारात, छावणीच्या. मी होते ना बरोबर. पोरगा कडेवर होता. फोटोवाला म्हणाला, हिलना मत, तर ह्यांनी श्वासच रोखून धरला." त्या फोटोवर वाकल्या. "हो की. श्वास रोखला होता. गाल फुगलेत बघा ह्यात. फोटो झाल्यावर एकदम सोडला, खांदे असे खाली आले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, झालं, चल, चहा घेऊ."

मी फोटोकडे पाहिलं. तो माणूस श्वास रोखून बसला होता. मी त्याला तसाच मोठा केला होता, चौकोना-चौकोनाने, आणि वीस वर्षं तो एका भिंतीवर श्वास रोखून होता.

स्वयंपाकघरात आमच्या ह्यांनी डाळीचा कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी सुरीने चेहरा खरवडत होते. मग मी फोटो उलटा ठेवला. खांदे दोन बोटं खाली घेतले, डावा जरा जास्त. गालातली हवा काढली. ओठांचे कोपरे सैल सोडले. नाकपुडीला हात लावावा लागला नाही, श्वास सुटल्यावर ती आपोआप जागेवर आली. नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, जरा बाजूला, जिथे कडेवर मूल घेतलेली बाई उभी असेल तिथे. हात त्या जुन्या वेगाने चालत होता, दीड वाजता मुलं येणार असल्यासारखा. दीड वाजायला मात्र पुष्कळ अवकाश होता. कुकर गार होऊन ह्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवला.

लता वहिनी उठून समोर आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मला त्या प्रदर्शनाची आठवण आली. पण त्यांनी पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "चहा ठेवू का ताई?"

आता दहा दिवसांत गाडी. तैलरंग, जाड हात, खाली पाच महिन्यांचे खरवडलेले थर. मी कपाटावरून ड्रायरची बाटली काढली. त्या सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, तीन दिवस ती बाटली माझ्या हातात होती. नुसता एक पातळ हात वरून फिरवला असता तर दोन रात्रींत साय धरली असती आणि चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेता आलं असतं. तडे पडलेच तर वीस वर्षांनी. तेव्हा मी असणार नाही, कदाचित त्याही नाही. हिशेब सरळ होता. मी बाटली परत ठेवली. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. बुधवारी संध्याकाळी ती हातात धरायचा कंटाळा आला, एवढंच सांगता येतं.

ओलं चित्र न्यायचं म्हणजे त्याच्या पुढच्या अंगाला काहीही लागता कामा नये. ह्यांनी एसीचा रिकामा खोका कापला, आत चारी कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावले, कॅनव्हास त्यांवर स्क्रूने बसवला. बंद करण्याआधी माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. मागचा खालचा कोपरा.

काय लिहायचं? पाच महिने? त्यातला प्रत्येक दिवस मी खरवडून टाकला होता. एक कुकर? पण तो कुकर पहिल्याच रविवारी लावला असता तर डाळच शिजली असती. की वीस वर्षं? लता वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "लिहा की काहीतरी. जुन्याच्या मागे होतं." मी खूप वेळ पेन्सिल धरून उभी होते. शेवटी लिहिलं: ओलं आहे, हात लावू नये. धंद्यातली सूचना आहे ती. हमालांसाठी लिहितात.

नव्या मुलांसाठी लिहा, असं संपादक म्हणाले होते. मुलांनो, मला विचारू नका. मी चार दिवसांत केलं ते तडकलं, पाच महिन्यांत केलं ते मेणाचं झालं आणि जे झालं ते कधी सुरू झालं हे मला सांगता येत नाही. तीन सकाळींतला तो इस्त्रीवाला आजही इथे भिंतीवर आहे. त्याच्यात एकही तडा नाही. मी रोज बघते.

लता वहिनी आता दर रविवारी दहाला फोन करतात. साताऱ्याकडच्या पावसात रंग सुकायला आणखी वेळ लागतो. चित्र त्यांनी बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावलं आहे. नातवंडांना जवळ जायची मनाई आहे, त्या मात्र करंगळीचं टोक अगदी हलकेच लावून बघतात. जूनमध्ये म्हणाल्या, अजून ओलंच आहे. जुलैत तेच. ऑगस्टमध्ये कडा सुकल्या, चेहरा नाही. मी दर वेळी म्हणते, होईल, आठ दिवसांत.

परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा मी नव्या कॅनव्हाससमोर बसले होते. कुणाची ऑर्डर नाही. काय आहे ते अजून कळत नाही. विचारलं, "सुकलं का?"

"गालापाशी चिकटतंय अजून," त्या म्हणाल्या.

"राहू दे," मी म्हटलं.